यात्रेसाठी सामायिक वाहन : विमा, नियम व भाविकांची जबाबदारी

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी बहुसंख्य भाविक आज स्वतःच्या किंवा परिचितांच्या मोटारीने येतात. शेजारी, आप्तेष्ट, भजनी मंडळातील सोबती अथवा कार्यालयातील सहकारी एकत्र येऊन एक गाडी ठरवितात, खर्च वाटून घेतात आणि एकमेकांच्या संगतीत प्रवास करतात. यामुळे पैशाची व इंधनाची बचत होते, वाहनतळावरील गर्दी कमी होते, आणि एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या वृद्धांनाही दर्शनाचा लाभ मिळतो. ही प्रथा सर्वार्थाने स्वागतार्ह आहे.

मात्र निघण्याच्या घाईत एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : दुर्दैवाने मार्गात अपघात झाला, तर या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला विम्याचे संरक्षण आहे काय? 'गाडीचा विमा आहे' एवढ्या उत्तराने आपले समाधान होते. परंतु विमा असणे आणि गाडीतील सहप्रवाशांना त्या विम्याचे संरक्षण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद व त्यासंबंधीचे नियम सोप्या शब्दांत सांगितले आहेत. भाविकांनी प्रवासाचा बेत आखतानाच ते वाचावेत, ही विनंती.

१. विमा कोणाचे संरक्षण करतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यासाठी थर्ड पार्टी म्हणजे त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. विमा नसलेले वाहन चालविल्यास पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटारींच्या पॉलिसी सामान्यतः दोन प्रकारच्या असतात.

(अ) केवळ कायद्यापुरती पॉलिसी : हिला 'थर्ड पार्टी' किंवा 'लायबिलिटी ओन्ली' पॉलिसी म्हणतात. रस्त्यावरील पादचारी, दुसऱ्या वाहनातील माणसे व इतरांची मालमत्ता यांच्या हानीची भरपाई हिच्यातून होते. गाडीत मोबदला न देता बसलेला स्नेही मात्र या अर्थाने 'त्रयस्थ' मानला जात नाही. तिलक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्कूटरवर मागे बसलेल्या व्यक्तीच्या संदर्भात असा निर्णय दिला की, केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल तर अशा सहप्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही.

(ब) पॅकेज पॉलिसी : हिला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' किंवा बोलीभाषेत 'फुल विमा' म्हणतात. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॅकेज पॉलिसीत, भाडे अथवा मोबदला घेऊन नेलेले नसतील तर, गाडीत बसलेल्या व्यक्तींच्या मृत्यूची व इजेची जबाबदारी अंतर्भूत असते. विमा नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने ही बाब सर्व विमा कंपन्यांना स्पष्ट केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ सालच्या बालकृष्णन खटल्याच्या निकालात पॉलिसीच्या या दोन प्रकारांतील भेद मान्य केला.

येथे एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. पहिले वर्ष संपल्यावर मालक हा भाग नूतनीकृत करण्यास विसरतो आणि 'अजून दोन वर्षे विमा आहे' अशा समजुतीत राहतो. अशा गाडीने यात्रेस निघण्यापूर्वी सहप्रवाशांचे संरक्षण चालू आहे किंवा नाही, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

मालकासाठी १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा २०१८ पासून आहे. तो नोंदणीकृत मालक स्वतः वैध परवानाधारक असेल तरच लागू होतो व केवळ त्याच्यापुरता असतो. सहप्रवाशांसाठी ठराविक रकमेचा व्यक्तिगत अपघात विमा आणि पगारी चालकाच्या जबाबदारीचा विमा हे अल्प हप्त्यात पॉलिसीस जोडता येतात. वारंवार यात्रा करणाऱ्या कुटुंबांनी ही दोन्ही संरक्षणे अवश्य घ्यावीत.

२. जबाबदारी केवढी असू शकते?

'आपलीच माणसे आहेत, कोण कोणावर दावा करणार?' असे अनेकांना वाटते. परंतु घरातील कर्ता पुरुष अथवा कमावती स्त्री गेल्यावर उरलेल्या मुलाबाळांना भरपाई मागण्यावाचून गत्यंतर नसते. ती रक्कम कशी ठरते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, ३८ वर्षांचा एक दुकानदार शेजाऱ्याच्या मोटारीतून यात्रेस निघाला व गाडी चालविणाऱ्या शेजाऱ्याच्या चुकीने झालेल्या अपघातात मृत्यू पावला. त्याचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये, म्हणजे वार्षिक ३,६०,००० रुपये होते. पत्नी व दोन मुले त्याच्यावर अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालच्या सरला वर्मा व २०१७ सालच्या प्रणय सेठी खटल्यांत घालून दिलेल्या पद्धतीनुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविले जातात. रक्कम ५,०४,००० होते. त्यातून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा केल्यावर ३,३६,००० उरतात. या वयासाठी गुणक १५ आहे. गुणाकार केला असता भरपाई ५०,४०,००० रुपये होते. अंत्यसंस्कारादी बाबींच्या रकमा त्याहून वेगळ्या.

सहप्रवाशास लागू होणारी पॅकेज पॉलिसी असेल तर ही रक्कम विमा कंपनी देते. नसेल तर ती मालकाकडून वसूल होण्याचा प्रसंग येतो. मालकाजवळ एवढी रक्कम नसल्यास मृताचे कुटुंब निराधार होते. मालकाचे घर, शेती व आयुष्यभराची बचतही धोक्यात येते. सद्भावनेने केलेल्या प्रवासात दोन्ही कुटुंबे उद्ध्वस्त होऊ नयेत, यासाठीच पॉलिसीचा कागद आधी पाहावयाचा असतो.

३. खर्चाची वाटणी आणि भाडे यांतील भेद

खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'भाडे अथवा मोबदल्यासाठी वापर' स्पष्टपणे वगळलेला असतो. मोटार वाहन कायद्यानुसारही भाडे घेऊन प्रवासी नेणारे वाहन हे सार्वजनिक सेवा वाहन ठरते व त्यास परमिट लागते. परमिटाशिवाय असा वापर केल्यास कलम १९२-अ नुसार पहिल्या अपराधास १०,००० रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विमा कंपनी या कारणावरून गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. त्रयस्थांना भरपाई देण्याचा आदेश झाला तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार तिला मिळू शकतो. परमिट नसणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे.

मग मित्रांनी पेट्रोलचे पैसे वाटून घेणे हे भाडे होते काय? किती रक्कम घेतली म्हणजे वाटणीचे भाडे होते, याची मोजपट्टी मोटार वाहन कायद्यात दिलेली नाही. म्हणून आपला व्यवहार कोणाच्याही दृष्टीस निव्वळ वाटणी म्हणूनच दिसेल असा ठेवणे शहाणपणाचे आहे.

उदाहरणार्थ, पुण्याहून तुळजापूरला जाऊन येण्याचे अंतर सुमारे ६०० किलोमीटर धरू. गाडी लिटरमागे १५ किलोमीटर चालत असेल तर ४० लिटर पेट्रोल लागेल. दर १०५ रुपये धरल्यास इंधनाचे ४,२०० रुपये, तसेच टोल व वाहनतळाचे ८०० रुपये मिळून एकूण खर्च ५,००० रुपये होतो. मालकासह पाच जण असतील आणि प्रत्येकाने १,००० रुपये दिले, मालकानेही आपला वाटा उचलला, तर ही वाटणी होय. याउलट मालकाने चौघांकडून प्रत्येकी १,५०० रुपये घेतले, तर ६,००० रुपये जमा होतात. मालकाचा प्रवास फुकट होऊन वर १,००० रुपये शिल्लक उरतात. याला वाटणी म्हणता येणार नाही; हे भाडेच होय.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

• सहप्रवासी परिचित असावेत. फलक लावून, संदेश पाठवून अनोळखी प्रवासी जमवू नयेत.
• प्रत्यक्ष झालेल्या खर्चाची वाटणी करावी. 'प्रतिमाणशी दर' ठरवू नये.
• मालकाने स्वतःचा वाटा भरावा. इंधन, टोल व वाहनतळाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.
• दर शनिवारी, दर पौर्णिमेस अशा ठरीव फेऱ्या करू नयेत. पुनःपुन्हा केलेल्या फेऱ्यांना व्यवसायाचे रूप येते.

मोबाईल ॲपच्या माध्यमातून खासगी गाडीत सहप्रवासी घेण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. याविषयी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शहराबाहेरील फेऱ्यांवर आठवड्यास दोनची मर्यादा व सहप्रवाशांसाठी किमान ५ लाख रुपयांच्या विम्याची अट होती. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या जागी सुधारित सूचना आल्या. परवानगी देण्याचा अधिकार राज्य शासनांचा असल्याने, असे ॲप वापरण्यापूर्वी त्यास आपल्या राज्याचा परवाना आहे काय व सहप्रवाशांचा विमा किती आहे, याची खात्री करून घ्यावी.

४. मागून नेलेली गाडी

यात्रेसाठी मेहुण्याची किंवा मित्राची गाडी मागून नेण्याची पद्धत सर्वत्र आहे. अशा वेळी गाडी नेऊन स्वतः चालविणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने मालकाच्या जागी उभी राहते. तिच्याच चुकीने अपघात होऊन तीच जखमी अथवा मृत झाली, तर त्याच गाडीच्या विम्यातून तिला त्रयस्थ म्हणून भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०२० सालच्या निकालांत हे तत्त्व मांडलेले आहे. मालकाचा १५ लाखांचा विमाही तिला आपोआप लागू होत नाही. म्हणून दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्याने स्वतःच्या नावाने स्वतंत्र व्यक्तिगत अपघात विमा घेतलेला असावा.

गाडी देणाऱ्यानेही चालकाचा परवाना डोळ्यांनी पाहून मगच किल्ली द्यावी. परवाना नसलेल्या व्यक्तीने वाहन चालविल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तशी परवानगी देणारा मालकही कायद्याने दोषी ठरतो.

५. भाड्याचे वाहन ठरविताना

मंडळी अधिक असतील तर रीतसर भाड्याचे वाहन घेणे हाच उत्तम मार्ग होय. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी असते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी भाड्याची असते. विजेवर चालणाऱ्या खासगी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पांढरी, तर भाड्याच्या गाडीची अक्षरे पिवळी असतात. काही रुपये स्वस्त पडते म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नये. नाक्यावर उभ्या असलेल्या वडापाच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसण्याचा मोहही टाळावा.

वाहनाचे परमिट, फिटनेस प्रमाणपत्र, विमा व चालकाचा परवाना पाहावा. वाहन क्रमांकावरून यांपैकी बरीच माहिती शासनाच्या एम-परिवहन या ॲपवर पाहता येते. परमिट कोणत्या क्षेत्राचे आहे हेही विचारावे. अक्कलकोटचे दर्शन आटोपून गाणगापूरला जाणारे भाविक पुष्कळ असतात. गाणगापूर कर्नाटक राज्यात आहे. केवळ महाराष्ट्रापुरते परमिट असलेले वाहन सीमा ओलांडून गेल्यास परमिटाचा भंग होतो व त्याचा परिणाम विम्यावरही होऊ शकतो. परराज्यात जाणाऱ्या वाहनास अखिल भारतीय पर्यटक परमिट असल्याची खात्री करावी. ठरलेली रक्कम, मार्ग व दिवस यांची पावती घ्यावी. रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकास पुन्हा घाटातून गाडी चालविण्याचा आग्रह करू नये.

६. आसनक्षमता व मालवाहू वाहने

गाडीच्या नोंदणी पुस्तकात, म्हणजे आर. सी. बुकात, आसनक्षमता लिहिलेली असते. 'लहान मूल मांडीवर बसेल', 'दोघे मागे दाटीने बसतील' असे म्हणून सातांच्या गाडीत अकरा जण बसविणे धोक्याचे आहे. त्याबद्दलचा दंड प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये, म्हणजे किरकोळ वाटतो. खरी हानी अपघातानंतर कळते. ४२ प्रवाशांची परवानगी असलेल्या एका बसमध्ये ९० जण असताना झालेल्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असे ठरविले की, विमा कंपनीची जबाबदारी ४२ प्रवाशांपुरतीच राहील. भरपाईच्या सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज कंपनीने भरावी व ती सर्व दावेदारांत प्रमाणशीर वाटावी, असा तो निर्णय होता. म्हणजेच जादा बसलेल्यांमुळे रीतसर बसलेल्यांच्या कुटुंबांचाही वाटा कमी झाला. पुढील व मागील आसनांवरील सर्वांनी सीटबेल्ट लावणे बंधनकारक आहे. न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती, ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून देवदर्शनास जाण्याची रीत ग्रामीण भागात अद्याप दिसते. ही वाहने मालासाठी किंवा शेतीच्या कामासाठी असतात. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले की, मालवाहू वाहनातून नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईस विमा कंपनी बांधील नाही. ट्रॉलीत गावातील तीस-चाळीस माणसे एकाच वेळी बसतात. ती उलटल्यास एका क्षणात अनेक घरांवर आघात होतो आणि विम्याचा आधारही उरत नाही. ग्रामस्थांनी वर्गणीतून एस. टी. महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घ्यावी. ती थोडी महाग वाटली तरी अंती हितकारक ठरते.

७. प्रस्थानापूर्वीची पाहणी

प्रस्थानाच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) पॉलिसी पॅकेज आहे की केवळ थर्ड पार्टी, आणि तिची मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे काय?
(२) सहप्रवासी व पगारी चालक यांचे संरक्षण जोडलेले आहे काय?
(३) गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाचा परवाना त्या प्रकारच्या वाहनासाठी व चालू मुदतीचा आहे काय?
(४) नोंदणी पुस्तक व पी. यू. सी. प्रमाणपत्र सोबत आहे काय? डिजिलॉकर अथवा एम-परिवहनवरील प्रती ग्राह्य असतात.
(५) प्रवाशांची संख्या आसनक्षमतेएवढीच आहे काय?
(६) सर्वांची नावे, रक्तगट व घरचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद गाडीत व एक प्रत घरी ठेवली आहे काय?

ही विचारपूस करताना संकोच वाटतो, हे खरे. 'काका, तुमच्या गाडीचा विमा कोणता?' असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. मालकाने तर कोणी विचारण्याची वाट न पाहता पॉलिसीचा कागद स्वतःहून सर्वांसमोर ठेवावा.

८. अपघात घडल्यास

प्रथम जखमींना वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. शासनाच्या २०२५ सालच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचार मिळतात. जखमीस मदत करणाऱ्या वाटसरूस कायद्याच्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. म्हणून मदतीस कचरू नये.

त्यानंतर पोलिसांना कळवावे, पंचनामा करवून घ्यावा व विमा कंपनीस विनाविलंब लेखी सूचना द्यावी. किती माणसे होती, गाडी कोण चालवीत होते, पैशाची काय बोली होती, याविषयी खरे तेच सांगावे. चालकाचे नाव बदलून सांगण्याने दावा टिकत नाही, उलट मूळ हक्कही गमावला जातो.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ती टळू देऊ नये. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला तरी अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो, ही माहिती यात्रेकरूंच्या कुटुंबांना विशेष उपयोगी आहे. धडक देणारे वाहन पळून गेल्यास मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीस ५०,००० रुपये शासकीय योजनेतून मिळतात.

उपसंहार

आपल्या पूर्वजांनी यात्रा कधी एकट्याने केली नाही. गावची मंडळी मिळून निघत, शिदोरी वाटून खात आणि कोणी आजारी पडल्यास सारा मेळा थांबत असे. सोबत्याचा भार उचलणे हा यात्राधर्माचाच भाग होता. आज पायी मेळ्याच्या जागी मोटार आली असली तरी तो धर्म बदललेला नाही. गाडीत कोणास बसविणे म्हणजे त्याच्या घरच्यांची जबाबदारी काही काळ आपल्याकडे घेणे होय, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसणे म्हणजे त्याच्यावर किती भार टाकीत आहोत याचे भान ठेवणे होय. पॉलिसी पाहण्यास अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढून, खर्च सरळ वाटून, नियम पाळून निघालेल्या मंडळींचा प्रवास निश्चिंत मनाने होवो आणि सर्व भाविक दर्शन घेऊन सुखरूप आपापल्या घरी परतोत, हीच प्रार्थना.